गट ग्रामपंचायतीतला दूरचा पाडा: स्वतःची ग्रामसभा आणि झऱ्याचं पाणी, सुरुवात कुठून करायची?

डोंगरखोरं (प्रश्न)

राम राम मंडळी. अक्राणी (धडगाव) तालुक्यात उदई खोऱ्यातल्या एका पाड्यासाठी विचारतोय. घरं ४८, माणसं २६० च्या आसपास, मतदार १५४, सगळी पावरा आदिवासींची वस्ती. पाडा गट ग्रामपंचायतीत (अनेक गावांची मिळून एक) आहे. मुख्य गाव सात किलोमीटर खाली आणि मधे दोन नाले. पावसाळ्यात नाले चढले की वाट बंद. ग्रामसभा मुख्य गावातच भरते, तिथले मतदार चौदाशेच्या घरात. पाड्यावरून चार-सहा पुरुष जातात, बायका जवळपास कुणीच नाही. आराखड्यात पाड्याचं नाव शेवटच्या पानावर असतं आणि तिथंच राहतं.

पाड्याच्या वरच्या अंगाला, साधारण १२०० मीटरवर, बारमाही झरा आहे. सगळ्यात वरच्या घरापासून उंची ७०-७५ मीटर असेल. पण झरा आणि मधली सगळी वाट वनखात्याच्या हद्दीत. बायका अजून डोक्यावर पाणी आणतात.

विचारायचं ते असं. पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळते का, की त्यासाठी वेगळी ग्रामपंचायत लागते? पेसाचा (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) ५ टक्के निधी पाड्याच्या नावावर येऊ शकतो का? वनजमिनीतून पाइप न्यायला कुणाची परवानगी? आणि एवढं करून झऱ्याचं पाणी पुरेल का, हे आधी कसं पाहायचं?

तळोदा_लेखणी

भाऊ, पहिल्या प्रश्नातली गाठ आधी सोडवू, कारण तालुक्यात निम्मे अर्ज तिथंच अडकतात. ग्रामपंचायत वेगळी, महसुली गाव वेगळं आणि पेसा गाव वेगळं. तुम्हाला हवंय ते तिसरं. पेसा कायदा (१९९६) म्हणतो की जो समाज आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवतो, त्याची वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव, आणि अशा प्रत्येक गावाला ग्रामसभा. महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ चे आहेत. त्यातल्या नियम ४ मध्ये पाड्याने स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेण्याची पद्धत दिलेली आहे.

यात ग्रामपंचायत तीच राहते, सरपंच तोच, प्रभाग तेच. हे मुख्य गावातल्या लोकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. 'पाडा फुटून निघतोय' अशी आवई उठली की सरपंच आणि सदस्य विरोधात जातात, आणि त्यांचा विरोध बहुतेक वेळा गैरसमजातूनच असतो.

पद्धत अशी. पाड्याचे मतदार पाड्यात बसून ठराव करतात. निम्म्याहून अधिक मतदारांचा पाठिंबा हवा, म्हणजे तुमच्याकडे १५४ पैकी किमान ७८ सह्या किंवा अंगठे. ठराव प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात द्यायचा, तिथून पडताळणी होऊन जिल्हाधिकारी आणि शेवटी विभागीय आयुक्त, नाशिक यांच्याकडून अधिसूचना निघते. प्रत्येक टप्प्याला नियमात मुदत आहे. म्हणून पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही घ्या. नुसता शिक्का मारलेला कागद पुढे मुदत मोजायला उपयोगाचा नाही.

ठरावासोबत हे कागद लावा: मतदारयादीची प्रत (यादी भाग आणि अनुक्रमांकाप्रमाणे पाड्याची नावं पेनाने खुणा करून), नमुना ८ चा उतारा म्हणजे पाड्यातल्या घरांची ग्रामपंचायतीत नोंद असल्याचा पुरावा, आणि हद्दीचा हाती नकाशा. नकाशात डोंगराची धार, नाला, खिंड, देवस्थान, स्मशानाची जागा, गुरं चारायची जागा दाखवा. सातपुड्यात सर्व्हे नंबरापेक्षा पाणी वाटणारी डोंगरधार जास्त पक्की हद्द आहे. शेजारच्या पाड्यांच्या पाटील-कारभाऱ्यांना हद्दीवर उभं करून त्यांच्या सह्या नकाशावरच घ्या. हे आधी केलं नाही तर पडताळणीला आलेल्या मंडळ अधिकाऱ्यासमोर वाद होतो आणि 'हद्दीबाबत एकमत नाही' असा शेरा पडतो. तो शेरा पुसायला एक हंगाम जातो.

मोहफूल

वरचं सगळं बरोबर आहे. मी बैठकीबद्दल लिहिते, कारण कागद नियमात बसतो पण बैठक बसत नाही, असं फार होतं.

तारीख आधी ठरवा. दिवाळीनंतर उसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला माणसं उतरतात, त्या दिवसांत ७८ मतदार पाड्यात सापडणार नाहीत. होळीला सगळे परततात, पण भोंगऱ्या (होळीआधीचे उत्सवी बाजार) आणि होळीच्या आठवड्यात कुणी बैठकीला बसणार नाही. गावागावाची होळी वेगळ्या रात्री असते, माणसं एका होळीवरून दुसऱ्या होळीला जातात. म्हणून होळी आटोपल्यावरचा आठवडा-दहा दिवस, किंवा पेरणी उरकल्यानंतर श्रावणाच्या सुमाराला. हाटाचा दिवस टाळा.

नोटीस किमान सात दिवस आधी काढा आणि दवंडी पिटवा. पावरा पाड्यात घरं शेतागणिक पांगलेली असतात. शाळेच्या भिंतीवर चिकटवलेली नोटीस खालच्या टोकाच्या घराला कळतच नाही. घरोघर फिरून सांगा आणि कुणाला कधी सांगितलं त्याचा एक कागद ठेवा.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा. सकाळी पाणी, मग शेत, संध्याकाळी पुन्हा पाणी. मोकळा वेळ दुपारचा दीड-दोन तासांचा. पाण्याचा ठराव आहे आणि पाणी आणणाऱ्याच नाहीत, असं होऊ देऊ नका. वनहक्काच्या ग्रामसभेत तर उपस्थितांत एक तृतीयांश महिला असणं कायद्याने बंधनकारक आहे.

ठराव मराठीत लिहा, पण मतदानाआधी पावरीत पूर्ण वाचून दाखवा. इतिवृत्तात 'ठराव पावरी भाषेत वाचून समजावून सांगितला' हे वाक्य घाला. उद्या कुणी 'आम्हाला समजलंच नव्हतं' म्हटलं तर हेच वाक्य उत्तर देईल. गावपाटील, कारभारी, पुजारा यांना आधी भेटून घ्या. पाड्यात निर्णय खरा तिथंच पिकतो, आणि पेसाच्या व्याख्येतली 'रूढी-परंपरेने चालणारा कारभार' म्हणजे हीच माणसं. त्यांची नावं, त्यांची कामं, पाड्याचे सण, देव कुठला, न्यायनिवाडा कसा होतो, हे अर्धं पान इतिवृत्तात आलं पाहिजे. बरेच ठराव 'आम्हाला गाव घोषित करावे' एवढंच लिहून जातात. मग पडताळणी करणाऱ्याला व्याख्येत बसवायला काही सापडत नाही.

सही-अंगठ्याच्या पानावर वर ठरावाचा विषय आणि तारीख प्रत्येक पानावर लिहा. सुट्या कोऱ्या पानांवरचे अंगठे कुणीही नाकारू शकतो.

तळोदा_लेखणी

मोहफूल ताईंच्या लेखनात एक भर. सचिव म्हणून ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) बैठकीला हवेत. लेखी बोलावणं द्या, पोच घ्या. आले नाहीत तर तसं इतिवृत्तात नोंदवा आणि बैठक थांबवू नका. अध्यक्ष उपस्थितांतून निवडा, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं ते लिहा.

आता ५ टक्के निधी. एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट आणि अबंध द्यायचं ठरलं. वाटणी लोकसंख्येवर. खर्चाची क्षेत्रं ठरलेली आहेत: पायाभूत सुविधा, पेसा आणि वनहक्काची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण. पाणी यात बसतं.

पाडा पेसा गाव झाला की त्याच्या ग्रामसभा कोषाचं स्वतंत्र खातं निघतं आणि पाड्याच्या लोकसंख्येचा वाटा कागदावर वेगळा दिसू लागतो. तोवर तो मुख्य गावाच्या आकड्यात मिसळलेला असतो. घोषणेची वाट पाहत बसू नका. आजच ग्रामपंचायतीकडून गावनिहाय, पाडानिहाय लोकसंख्या आणि मागच्या वर्षांचा ५ टक्के निधीचा कामनिहाय खर्च माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. तो कागद हातात घेऊन मुख्य ग्रामसभेत बोलणं आणि नुसतं 'आम्हाला काही मिळत नाही' म्हणणं यात फार अंतर आहे.

दुसरा पैसा केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगात (मार्च २०२६ पर्यंत) त्यातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेलं नसेल तर एक रुपया निघत नाही. काम पाड्याच्या नावासह चढवा. 'गावात पाणीपुरवठा सुधारणे' असं लिहिलं तर पैसा खालच्या टाकीच्या रंगाला जाईल.

रानवाट

वनजमिनीचा भाग मी घेतो.

यासाठी वन संवर्धन कायद्याखालचा लांबलचक प्रस्ताव करायची गरज नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) पाहा. गावाच्या १३ सोयींसाठी वनजमीन दुसऱ्या वापराला वळवायला तिथे सोपी वाट आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरसंचार तारा, तळी, पिण्याचं पाणी व जलवाहिनी, पाणी साठवण, छोटे पाट, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ता, समाजमंदिर. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस.

तुमचं गणित: १२०० मीटर लांब, एक मीटर रुंद चर म्हणजे ०.१२ हेक्टर. झऱ्यावरची पेटी आणि टाकीची जागा धरूनही पाव हेक्टर होत नाही. पाइप वाटेच्या कडेने वळवला तर एकही झाड पडणार नाही, आणि अर्जात 'वृक्षतोड: शून्य' लिहिता येतं. तो एक शब्द फाइल फार पुढे नेतो.

अर्ज काम करणारी यंत्रणा करते, म्हणजे इथे ग्रामपंचायत. ठरलेला नमुना भरून, ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा नकाशा जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. ते जागा पाहून उपवनसंरक्षकांकडे पाठवतात, मंजुरी त्यांच्या पातळीवर होते. त्यांचं मत प्रतिकूल असेल तर विषय जिल्हास्तरीय वनहक्क समितीपुढे जातो.

अडतं कुठे, तर ग्रामसभेच्या गणपूर्तीत. या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत. मुख्य गावाच्या ग्रामसभेत करायचं म्हटलं तर ७०० माणसं जमवावी लागतील, ते कुणाच्यानं होत नाही. पाड्याच्या ग्रामसभेत ७७. म्हणून पाड्याची ग्रामसभा हा मानापमानाचा प्रश्न नाही, परवानगीची किल्लीच ती आहे. आणि पेसाची अधिसूचना अजून निघालेली नसली तरी वनहक्क नियमांत (२०१२ ची सुधारणा) पंचायतीने आपल्या हद्दीतल्या पाड्यांची, नोंद नसलेल्या वस्त्यांचीसुद्धा यादी करायची आणि उपविभागीय अधिकाऱ्यांनी ती एकत्र करायची, अशी तरतूद आहे. त्या यादीत पाड्याचं नाव आहे का, हे आधी प्रांत कार्यालयात पाहा. असेल तर वनहक्काच्या कामासाठी पाड्याची ग्रामसभा भरवायला तो भक्कम आधार आहे.

वनहक्क समिती आहे ना पाड्यात? १० ते १५ सदस्य, दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश महिला. नसेल तर त्याच बैठकीत निवडा. पुढे सामूहिक वनसंपत्तीचा दावा (नमुना 'क') करायचा झाला तर तुमचा हाच हद्दीचा नकाशा आणि हीच समिती कामाला येईल. मोह, चारोळी, डिंक, बांबू यावरचा हक्क त्यातूनच पक्का होतो.

एक सूचना. परवानगीआधी झऱ्यावर कुदळ मारू नका. आपलंच पाणी आहे म्हणून लोक उत्साहाने चर खणतात, वनरक्षक पंचनामा करतो, आणि सरळ चाललेली फाइल वर्षभर अडते.

झिरा

पाण्याबद्दल. मोजल्याशिवाय एक पाइपही विकत घेऊ नका.

मोजायचं मे महिन्यात, पहाटे, कुणी पाणी भरायला येण्याआधी. झऱ्याचं सगळं पाणी मातीचा छोटा बांध घालून एका पाइपाच्या तुकड्यातून काढा. खाली १० लिटरची बादली, हातात मोबाइलचं घड्याळ. पाच वेळा मोजून सरासरी काढा. समजा बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला पाव लिटर, मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. तुमची गरज: २६० माणसं गुणिले ५५ लिटर (सरकारच्या जल जीवन मिशनचं माणशी रोजचं प्रमाण) म्हणजे १४,३००. वर गुरं. ९० जनावरं धरली आणि प्रत्येकी ४० लिटर, तर ३,६००. एकूण १७,९००. म्हणजे ४० सेकंदांची धार पुरते, पण फारशी शिल्लक नाही. बादलीला ५० सेकंद लागले तर दिवसाला १७,२८० लिटर, आणि गुरांचं पाणी नाल्यावरच ठेवावं लागेल. एकाच वर्षाच्या मोजणीवर विसंबू नका. पाऊस कमी झालेल्या वर्षी मे महिन्यात धार किती होती, ते म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना अचूक आठवतं.

झऱ्याची पेटी बांधताना बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट बिघडते. आपल्या सातपुड्यात झरे निघतात ते काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या सांध्यातून. वरचा थर भेगाळलेला किंवा सच्छिद्र, खालचा घट्ट किंवा लाल गेरूचा. पाणी त्या सांध्यावरून आडवं येतं. पेटीत पाणी जास्त साठावं म्हणून भिंत उंच केली आणि पाण्याची पातळी मूळ तोंडाच्या वर गेली, की पाण्याला मागे दाब बसतो. ते बाजूच्या भेगेतून दुसरी वाट काढतं आणि पेटी कोरडी पडते. म्हणून बाहेर जाणारा पाइप आणि जादा पाण्याचं तोंड, दोन्ही झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा खाली. साठा करायचा तो खाली टाकीत. सुरुंग तर मुळीच नको, खालचा थर तडकला की पाणी पाताळात जातं.

पेटीत मागच्या बाजूने हाताएवढे दगड, मग खडी, मग बारीक गिट्टी रचायची. वर झाकण, कुलूप. जादा पाण्याच्या तोंडाला जाळी, नाहीतर बेडूक आणि पाला आत. पेटीच्या वर आठ-दहा मीटरवर उताराला आडवा चर काढा म्हणजे पावसाचं गढूळ पाणी बाजूने जाईल. गुरांना पाणी प्यायला पेटीखाली वेगळी डोणी (हौद) करा. ती केली नाही तर गुराखी पेटीच फोडणार, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

पाइप. सेकंदाला पाव लिटर नेताना ३२ मिमीच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात किलोमीटरमागे दहा-अकरा मीटर उंची घर्षणात जाते, ४० मिमीमध्ये साडेतीन मीटरच्या आसपास. तुमच्याकडे उंची भरपूर आहे, ३२ नेही चालेल, पण गाळ बसला तरी वाहतं राहावं म्हणून ४० घ्या. दाबाचं पाहा: दहा मीटर उंचीला एक किलो दाब. पीएन ६ (सहा किलो दाब सोसणारा) पाइप ६० मीटरपर्यंतच. टाकी वरच्या घरापेक्षा १० मीटर वर बांधली तरी झऱ्यापासून ती ६०-६५ मीटर खाली येईल, म्हणजे पीएन ६ ची हद्द संपली. दोन वाटा आहेत: खालच्या अर्ध्या भागात पीएन १०, किंवा मध्यावर दाब तोडणारी छोटी उघडी टाकी. मी पाइपच बदला म्हणेन, उघड्या टाकीची देखभाल डोंगरात कुणी करत नाही. आणि टाकीच्या तोंडाशी नळ बंद करून सगळा दाब पाइपावर साठू देऊ नका, पाणी वाहतं ठेवा, जादा पाणी नाल्यात सोडा.

४० मिमीचं १०० मीटरचं वेटोळं तीस-पस्तीस किलोचं असतं, पीएन १० चं थोडं जड. दोन माणसं काठीला अडकवून नेतात. जोडाला कॉम्प्रेशन कपलर वापरा, तिथे वेल्डिंगच्या यंत्राला वीज कुठली. वाट चढ-उताराची असेल तर प्रत्येक उंचवट्यावर हवा अडकते आणि पेटी भरलेली असताना खाली थेंब येत नाही. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, खोलगट जागी गाळ सोडायचा व्हॉल्व्ह. पाइप ९० सेंटीमीटर खोल गाडायचा. कातळात जमणार नाही तिथे दगड-माती रचून पूर्ण झाका, उघडा पाइप फाल्गुन-चैत्रातल्या वणव्यात जळतो. या एका कारणाने डोंगरातल्या कितीतरी योजना दुसऱ्याच वर्षी बंद पडल्या आहेत.

टाकी १० हजार लिटरची. रात्रीच्या दहा तासांत ९,००० लिटर साठतं, सकाळची झुंबड त्यावर निघते. घरं पांगलेली असल्याने एका जागी चार तोट्या लावून भागणार नाही. आठ-दहा घरांमागे एक स्टँडपोस्ट (सार्वजनिक नळ), म्हणजे तुम्हाला पाच. टाकीत ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर ओली झाली किंवा उघडी राहिली की दम जातो, तेव्हा ओटी चाचणीत (पाण्यातला क्लोरीन रंगावरून तपासायची चाचणी) क्लोरीन ०.२ पीपीएम दिसतंय का ते शेवटच्या तोटीवर पाहा. टाकीजवळच्या तोटीवर पाहून उपयोग नाही.

डोंगरखोरं

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. तालुक्याला अभियंता म्हणतात, झऱ्याऐवजी बोअर आणि सौर दुहेरी पंप घ्या, ते अंदाजपत्रक तयार असतं. काय करावं? आणि ठराव एकत्र करायचा की वेगवेगळा?

झिरा

दुहेरी पंप योजना वाईट नाही. एकाच बोअरवर सौर पंप आणि हातपंप दोन्ही, ५ हजार लिटरची टाकी. जिथे झरा नाही तिथे ती चांगलीच. पण तुमच्या पाड्यापर्यंत बोअरची गाडी येईल का, हा पहिला प्रश्न. दोन नाले आणि पायवाट म्हणजे गाडी येत नाही. पुढे कंट्रोलर बिघडला तर कारागीर धडगावहून यायचा. उताराने येणाऱ्या पाण्याला वीज नको, मोटर नको, पाड्यातली दोन पोरं शिकवली की पाना-कपलर घेऊन काम होतं. अभियंत्यांना धारेच्या मोजणीचा तक्ता, तारखा आणि फोटो दाखवा. झरा मोजलेला असला की अंदाजपत्रक करायला तेही तयार होतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं स्रोत प्रमाणपत्र मागतील, त्याचा अर्ज आत्ताच द्या.

नर्मदाकाठ

इथे वाचणाऱ्या नदीकाठच्या पाड्यांसाठी एक मुद्दा, डोंगरखोऱ्याला लागू नाही. अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात येतात. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात चढतं. पेटी, टाकी, पंप यातलं काहीही त्या पातळीच्या जवळ घेऊ नका. पाणी उतरल्यावर मागे कमरेएवढा गाळ राहतो आणि व्हॉल्व्ह सापडत नाहीत. सामान होडीने आणायचं तर पाणी चढलेलं असतानाच आणून वर टाका. हिवाळ्यानंतर पाणी हटलं की काठापासून पाड्यापर्यंत चिखल तुडवत वाहून न्यावं लागतं.

अनेर_परिसर

आम्ही चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

तळोदा_लेखणी

गावावर अवलंबून आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात. नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली ठरावीक गावंच. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात गावांची नावं आहेत, त्या यादीत तुमचं गाव शोधा. नसेल तर पेसा आणि ५ टक्के निधी नाही. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे आहे, म्हणजे कलम ३(२) ची वाट तुम्हाला खुली.

डोंगरखोरं भाऊ, ठराव दोन करा. एकाच बैठकीत चालतील, पण क्रमांक वेगळे, सह्यांची पानं वेगळी. एकत्र केला तर महसूल म्हणणार वनखात्याचा विषय आहे आणि वनखातं म्हणणार महसूलचा. मजकूर असा ठेवा:

'ठराव क्र. १. आज दि. ___ रोजी दुपारी ___ वाजता ___ पाडा येथे मतदारांची बैठक झाली. मतदारयादी भाग क्र. ___ अनुक्रमांक ___ ते ___ प्रमाणे पाड्याचे एकूण मतदार १५४, उपस्थित ___, पैकी महिला ___. अध्यक्षपदी ___ यांची निवड झाली, सूचक ___, अनुमोदक ___. हा पाडा आपला कारभार स्वतःच्या रूढी-परंपरेनुसार चालवतो, त्याचे वर्णन परिशिष्ट १ मध्ये आहे. पाड्याची हद्द परिशिष्ट २ च्या नकाशात दाखवली असून लगतच्या पाड्यांना ती मान्य आहे. सबब पेसा नियम २०१४, नियम ४ अन्वये या पाड्यास गाव म्हणून घोषित करावे असे ठरले. ठराव पावरी भाषेत वाचून समजावून सांगितला. बाजूने ___, विरोधात ___.'

'ठराव क्र. २. ___ झऱ्यापासून पाड्यापर्यंत पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी, लांबी १२०० मीटर, लागणारी वनजमीन ___ हेक्टर, वृक्षतोड शून्य. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) अन्वये ही जमीन वळवण्यास ग्रामसभा शिफारस करते.' वर उपस्थितीचे आकडे पुन्हा लिहा, 'वरीलप्रमाणे' लिहू नका, कारण हा कागद वनखात्यात एकटाच जाणार आहे.

रानवाट

दुसऱ्या ठरावात झऱ्याचे आणि टाकीच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि वनकक्ष (वनखात्याने पाडलेला जंगलाचा भाग) क्रमांक घाला. कक्ष क्रमांक वनरक्षकाकडे मिळतो. चुकीचा कक्ष पडला तर ठराव पुन्हा करावा लागतो, म्हणजे पुन्हा ७७ माणसं. वनरक्षकाला बैठकीआधी एकदा झऱ्यावर नेऊन आणा आणि कक्षाची खात्री तिथंच उभं राहून करा.

मोहफूल

आणि दोन्ही ठरावांच्या झेरॉक्स पाड्यात राहिल्या पाहिजेत, मूळ इतिवृत्त वही कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत हवं. पाणीपट्टी, पेटी महिन्यातून एकदा धुणं, व्हॉल्व्हच्या चाव्या कुणाकडे, हे तिसऱ्या ठरावात त्याच दिवशी ठरवून घ्या, आणि चाव्यांसाठी दोन बायकांची नावं लिहा. पुरुष मजुरीला उतरले की पाड्यात त्याच असतात.